चौथ्या नळीतला दुष्काळ

माझ्या प्रबंधात एका दुष्काळावर अख्खं प्रकरण होतं. टाइप केलेलं, आकृत्यांसकट. ते मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं आणि त्याबद्दल कुणाशी कधी धड बोलले नाही. कुणी विचारलंच, तर "नमुना खराब निघाला" एवढं सांगून विषय बदलायचे. ते खोटं नव्हतं. पण अर्धं खरं सांगून मोकळं व्हायची मला वाईट खोड आहे, आणि या बाबतीत ती फार महागात पडली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मी डोंबिवलीहून ठाण्याला एका कॉलेजात संशोधनासाठी जात होते. विषय वनस्पतिशास्त्राचा, पण सांगायला अवघड. लग्नकार्यात बायका विचारायच्या, "सध्या काय करतेस गं?" आणि मी म्हणायचे, "चिखल बघते." त्यांना वाटायचं मी फटकळ आहे. ती मी आहेच, पण उत्तर खरं होतं.

खाडीच्या काठाला गाळ थराथराने साचत जातो. त्यात तिवरांची पानं, मुळं, काटक्या पडतात. आत हवा पोचत नाही, म्हणून ती पुरती कुजत नाहीत, दबून दबून काळी होतात. न कुजलेल्या झाडोऱ्याच्या अशा काळ्या थराला पीट म्हणतात. थंड देशांत त्याच्या मोठमोठ्या दलदली असतात, लोक ते वाळवून चुलीत घालतात. आपल्याकडे नशिबाने सापडला तर चार बोटांचा पट्टा. पण त्या चार बोटांत त्या काळच्या झाडांचे परागकण अडकून राहिलेले असतात. परागकणाचं कवच भलतं चिवट, ॲसिडलाही दाद देत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे आणि मोजायचे. तिवरांचे भरपूर निघाले तर तेव्हा पाऊसपाणी बरं होतं. गवताचे आणि माळावरच्या रानफुलांचे वाढले तर पाऊस आटला होता. ज्या काळात पावसाची नोंद ठेवायला कुणी नव्हतं, त्या काळचा पाऊस असा चिखलातून वाचता येतो. मला हे फार भारी वाटायचं. अजूनही वाटतं.

अडचण होती ती गाळ काढायची. थर न मोडता, वरचं खाली न होता, उभाच्या उभा गाळ बाहेर काढणारं हत्यार लागतं. ते तेव्हा बाहेरदेशी मिळायचं. माझ्या मार्गदर्शक बाई, आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी एका जाड पुस्तकातलं त्या हत्याराचं चित्र मला झेरॉक्स करून दिलं आणि म्हणाल्या, "मागवायचं म्हटलं तर तुमचं वय होईल. कुणी कारागीर पाहा."

कारागीर घरातच होता. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्याला टाळं लागून दीड वर्ष झालं होतं. बाबा घरात बसून बिघडत चालले होते. दारांच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल, विळीला दर दोन दिवसांनी धार. आई म्हणायची, "अहो, एक दिवस बोटं जातील माझी." ते हसायचे नाहीत. मी ते चित्र त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चिखल किती चिकट असतो?"

मी म्हटलं, "चिखलासारखाच की."

"असं नाही चालत. घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी खाडीचा चिखल जेवणाच्या डब्यातून आणला. आईने तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही. बाबांनी तो चिखल चिमटीत धरून चोळला, ओढून पाहिला, पोळीची कणीक बघावी तसा बोटाने दाबून पाहिला. मग वागळे इस्टेटमध्येच त्यांच्या जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे ते जायला लागले. तीन आठवडे. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या तीन आठवड्यांत बिजागऱ्यांना कुणी हात लावला नाही.

हत्यार झालं ते वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी आणलं. हातभर लांबीची अर्धी नळी, तिला फिरतं पातं. बंद करून चिखलात दाबायची, हव्या त्या खोलीला पोचली की मुठीला अर्धा फेरा द्यायचा. पातं गाळ कापत फिरतं आणि नळी आतल्या गाळासकट बंद होते. वर जोडायला मीटर मीटरचे दांडे. "धार दोन थाऊ जास्त ठेवल्ये," बाबा म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "हात घालू नकोस." माझ्या नव्या हत्याराबद्दल ते असे बोलत होते की मला वाटलं, आता मला हात लावू देतील की नाही.

गाळ कुठे काढायचा ते आम्हाला ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने दाखवलं. साठीचा माणूस, स्वतःची होडी, खाडीत डोल लावायचा. डोलीचं जाळं ताणून धरायला तळात लांब खुंट ठोकावे लागतात. मी काळी माती शोधत्ये म्हटल्यावर तो म्हणाला, "काली माती ना गो बाय? माजिवड्याचे पल्याड, तिवरांचे कडंला. तिथं खुंट उपटला का बूड कालं येतं. वास पन येतो, अंड्यासारका." मी पुस्तकं वाचून, नकाशे काढून जी जागा वर्षभर शोधत होते, ती त्याला खुंटाच्या बुडावरून ठाऊक होती.

नवरात्रातली आठवी माळ होती त्या दिवशी आम्ही गेलो. खोपटला उतरून पुढे चालत. नाखवा, मी आणि बाबा. बाबांना यायची गरज नव्हती, पण ते मूठ दुसऱ्या कुणाला देणार नव्हते. पाणी ओसरलं तसे आम्ही पँटी गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरलो. मीही बाबांची जुनी पँट घातली होती. एका वेळी हातभर गाळ काढायचा, तो प्लॅस्टिकच्या अर्ध्या पाइपात (त्यालाही आम्ही नळीच म्हणायचो) अलगद सरकवायचा, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वर आणि खाली अशा खुणा करायच्या. मग त्याच भोकातून आणखी खोल. पहिल्या तीन नळ्यांत नुसता राखाडी गाळ आणि शिंपल्यांचे तुकडे. चौथ्या वेळी मूठ फिरेना. बाबा आणि नाखवा दोघांनी मिळून फिरवली. नळी वर आली, पातं उघडलं, आणि मधोमध तो पट्टा होता. काळाभोर, चार बोटांचा, त्यात मुळांचे धागे दिसत होते. मी चक्क ओरडले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते पात्याची धार बघत होते. पण मान हलवत होते, स्वतःशीच.

कॉलेजला दसऱ्याची सुट्टी लागली होती, प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून त्या चार नळ्या डोंबिवलीला घरी आल्या आणि खाटेखाली गेल्या. मी सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी कल्याणला मावशीकडे गेले, तिच्याकडे घट असायचे आणि नवमीच्या जेवणाला तिला मदत लागायची. दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले तेव्हा नळ्या होत्या तशाच होत्या, दोऱ्याच्या गाठीसुद्धा तशाच.

सुट्टी संपल्यावर मी कामाला लागले. गाळाच्या नमुन्यावर काम करताना पहिली गोष्ट शिकवतात ती ही की, उघड्या बाजूची वरची साल खरवडून फेकून द्यायची आणि आतलाच गाळ घ्यायचा. हवेतली धूळ, हाताचा मळ, काय काय वर बसलेलं असतं. पहिल्या तीन नळ्यांना मी इमानदारीने खरवडलं. चौथीपाशी हात थांबला. काळा पट्टा चार बोटांचा. त्याचं वय काढायला त्यातला मोठा लगदा बाहेर पाठवायचा होता, तेव्हा त्याला मूठभर तरी माल लागायचा. उरला त्याच्या मला पातळ चकत्या हव्या होत्या. त्यातूनही खरवडून टाकायला जीव होईना. बंदच तर होती नळी, असं मी स्वतःला सांगितलं आणि होता तसाच गाळ घेतला.

ॲसिडची सगळी कामं होऊन काचेवर नमुना घेतला आणि डोळा लावला. काटेरी, गोल, सुबक कण. सूर्यफुलाच्या कुळातले, म्हणजे मोकळ्या माळावरच्या रानफुलांचे. एका काचेवर, दुसऱ्या काचेवर, तिसऱ्या काचेवर तेच. तिवरांचे अगदी तुरळक. याचा अर्थ एकच होत होता. हजारो वर्षांपूर्वी इथला पाऊस गेला होता, तिवरं हटली होती आणि काठावर रान माजलं होतं. ठाण्याच्या खाडीवर दुष्काळ! आणि तो मला सापडला होता.

आता खरं ते सांगते. मला तेव्हाच दिसलं होतं. जुन्या गाळातले कण चेपलेले असतात, फाटलेले, सुरकुतलेले. हे टवटवीत होते. एकूण एक काटा शाबूत. कुठे कुठे तर चार-पाच एकमेकांना चिकटून, फुलातून आत्ताच गळून पडल्यासारखे. मी वहीत लिहिलं, "जतन उत्कृष्ट." ती वही माझ्याकडे अजून आहे. ते दोन शब्द वाचले की मला माझीच लाज वाटते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असणार.

मॅडमनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "इतके चांगले?" त्यांनी विचारलं.

"पीटमध्ये जतन चांगलं होतं ना, मॅडम."

"होतं खरं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विश्वास ठेवला.

पुढचं वर्ष चांगलं गेलं, फार चांगलं. मॅडमनी एका चर्चासत्रात माझा दुष्काळ मांडला. त्यावर लेख तयार होत होता. प्रबंध दाखल झाला की आपल्याकडे अधिव्याख्यात्याची जागा निघते आहे, असं त्या एकदा सहज बोलल्यासारखं बोलल्या. त्या सहज बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आणि घरी बाबा! बिल्डिंगमध्ये, वाण्याकडे, जुन्या कामगारांच्या सभेत, जिथे जातील तिथे, "आमच्या नळीने दुष्काळ शोधला." खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, शोधायची नळी नको, घालवायची काढा." बाबा त्यावरही हसले. संध्याकाळी मी आले की चहा घेता घेता ते मला विचारायचे. ॲसिडने कण का नाही विरघळत? वय कसं काढतात? धार बोथट झाली का? एकदा म्हणाले, "पाऊस गेल्यावर त्या लोकांनी काय केलं असेल गं?"

"खाडी होती की. मासे खाल्ले असतील."

बाबांनी कपातला शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, "सवय केली असेल." त्यांच्या कारखान्याचं टाळं तेव्हाही निघालेलं नव्हतं.

दुसरं वर्ष उजाडलं, खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबांनी पाट मांडला होता. त्यावर त्यांचा मायक्रोमीटर, पाने, आईची विळी, आणि मधोमध खाडीच्या चिखलातलं ते आमचं हत्यार. हळदकुंकू वाहून त्यांनी तांब्यात झेंडूचं फूल बुडवलं आणि त्या फुलाने सगळ्यांवर पाणी शिंपडलं. मी बाजूला बसून प्रबंधाच्या टाइप केलेल्या पानांतल्या चुका दुरुस्त करत होते.

"गेल्या वर्षी तू नव्हतीस," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी ती नळीसुद्धा ठेवलेली पाटावर. काळी माती निघाली ना, ती."

मी वर पाहिलं. "बंद होती ना पण?"

"बंद वस्तूची कधी पूजा असते काय? कागद सोडला, पाणी शिंपडलं, फूल ठेवलं आणि होता तस्सा परत बांधला. माती नाही हलवली हां जराही." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "आम्ही कारखान्यात मशीनवर चढवलेला जॉब, घडवायचा तुकडासुद्धा पुजायचो. नुसतं हत्यार पुजून कसं चालेल?"

झेंडू सूर्यफुलाच्याच कुळातला. त्याचा परागकण काटेरी, गोल, सुबक. आणि झेंडू इथला नाही. तो समुद्रापलीकडून काही शतकांपूर्वी आपल्याकडे आला. हजारो वर्षांच्या काळ्या मातीत तो असायचं कारणच नव्हतं. बाबा काहीतरी बोलत होते, ते ऐकूच येईना. मी उठले, ताटातलं एक फूल उचललं, ओढणीच्या टोकात बांधलं आणि आत गेले.

सुट्टी संपताच प्रयोगशाळेत त्या फुलाचे कण काचेवर घेतले आणि माझ्या दुष्काळाच्या शेजारी ठेवले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. फरक नव्हता.

मला बाबांचा भयंकर राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आला. इतकं बजावून सांगितलेलं असताना! चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, कामाचा ताण आहे म्हणून आईला सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करणार? मग एका सकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर चढता चढता मला उमगलं आणि मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. बाबांनी पाणी शिंपडलं होतं ते वरून. वरची साल मी खरवडली असती, तर सगळा झेंडू कचऱ्यात गेला असता. बाबांची पूजा दर वर्षीची होती. खरवडायचं मी शिकले होते आणि तरी खरवडलं नव्हतं.

आता एकच मार्ग होता, पुन्हा गाळ काढायचा. मी नाखव्याकडे गेले. तो दारात जाळं सांधत बसला होता. मला बघून त्याने होडीकडे नाही, रस्त्याकडे बोट केलं. "जा, बगून ये." माजिवड्याच्या पलीकडे तिवरांवर लाल मुरूम ओतला होता. डंपर मागे येत होते, उलटत होते, जात होते. आम्ही जिथे उतरलो होतो ती जागा कुठली, तेसुद्धा मला नीट सांगता येईना. परत आले तर नाखवा म्हणाला, "खुंट गेलं, डोल पन गेली. तुजी काली माती हाय तिथंच, पन आता तिला कोन काडतंय?" त्याचं तर पोटच गेलं होतं, आणि मी त्याच्यापुढे माझ्या चार बोटांच्या पट्ट्यासाठी डोळे पुसत उभी होते. त्याने मला पाणी दिलं.

माझ्या चकत्या ॲसिडात संपल्या होत्या आणि बाकीचं पीट वय काढण्यात जळून गेलं होतं. म्हणजे त्या काळात पाऊस आटला होता की नव्हता, हे आता कळायला वाट नव्हती. मी झेंडू वजा करून मोजणी करून पाहिली. इतके थोडे कण उरले की त्यावरून काहीच म्हणता येईना. कदाचित खरंच दुष्काळ पडला असेल. कदाचित धो धो पाऊस पडत असेल.

मी लगेच जाऊन सगळं कबूल केलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी दीड महिना गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. खाडीतली जागा बुजलेली, पीट संपलेलं, कुणी तपासायचं म्हटलं तरी कशावर तपासणार? मॅडम लेखाचा शेवटचा खर्डा वाचायला देत होत्या आणि मी त्यात स्वल्पविराम दुरुस्त करत होते. मॅडमनी लेख पाकिटात घातला आणि पत्ता लिहायला घेतला, तेव्हा माझं तोंड उघडलं.

"मॅडम, चौथी नळी मी खरवडली नव्हती. त्यात झेंडू गेलाय."

त्यांनी पेन ठेवलं. "झेंडू कुठून आला?"

"घरात होता. सणाचा."

एवढंच सांगितलं. बाबांचं नाव काढलं नाही. मॅडम उठल्या, त्यांनी दोन्ही काचा लावून पाहिल्या आणि परत येऊन बसल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला अगं-तूगं करायला लागल्या होत्या. चर्चासत्रवाल्यांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि त्याबद्दल मला त्यांना दोष देता येत नाही.

तीन नळ्यांवर प्रबंध पुरा करायला आणखी दोन वर्षं गेली. प्रबंध झाला तो साधाच, बेताचा. त्यात दुष्काळ नाही. एका ठिकाणी इंग्रजीत एक वाक्य आहे, की चौथ्या नमुन्यात संशोधिकेच्या हलगर्जीपणामुळे आजच्या काळातले परागकण मिसळले, सबब तो वगळला आहे. आणि सुरुवातीला आभाराच्या पानावर, नळी बनवून देणाऱ्या वडिलांचे आभार.

या दोन वर्षांत मी घरी कामाबद्दल बोलणं बंद केलं होतं. बोलायला लागले असते तर झेंडूपर्यंत जाऊन पोचले असते. बाबा सुरुवातीला विचारायचे, "काय म्हणतोय दुष्काळ?" मी म्हणायचे, "चाललंय." मग ते विचारायचे थांबले. संध्याकाळचा चहा मी आईबरोबर स्वयंपाकघरात घ्यायला लागले. बाबांच्या कारखान्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. बाबा पुन्हा बिजागऱ्यांकडे वळले. मला वाईट वाटायचं, पण आपण त्यांना एका मोठ्या दुःखातून वाचवतोय असंही वाटायचं. खरं सांगायचं तर मला माझा थोडा अभिमानच होता.

बांधून आलेला प्रबंध मी घरी आणून त्यांच्या हातात दिला. आभाराचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग पुढची पानं उलटू लागले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या ड्रॉइंगपुरतं. पण दोन दिवस ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते, शेजारी शब्दकोश. तिसऱ्या दिवशी मी ठाण्याला निघाले होते, पायात चप्पल होती. त्यांनी हाक मारली.

"हे मराठीत सांग," ते म्हणाले. बोट त्या वाक्यावर होतं.

मी सांगितलं.

"झेंडू माझा होता," बाबा म्हणाले.

मी चप्पल काढली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ताटातलं फूल उचलून नेलंस तेव्हा तोंड बघितलं मी तुझं. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल."

"बाबा, चूक माझी होती. मी खरवडलं असतं तर—"

"तुझी होतीच. तू खरवडलं नाहीस. आणि मी उघडलं." ते अजिबात चिडलेले नव्हते. आकडा समजावून सांगावा तसे बोलत होते. "आमच्याकडे जॉब रिजेक्ट झाला की त्याच्याबरोबर कार्ड जायचं. काय चुकलं, कुणाच्या हातून. दोघांची चूक असली तर दोघांची नावं. सायबाने एकाचंच लिहिलं तर दुसरा भांडायला जायचा."

"भांडायला?"

"मग? ज्याचं नाव नाही तो त्या कामावर नव्हताच, असं होतं ना ते."

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून नाही बोलले."

"वाटलं असतं," बाबा म्हणाले. "आठ दिवस वाटलं असतं. मग विचारलं असतं, आता पुढे काय करायचं." त्यांनी प्रबंध मिटला आणि माझ्या हातात दिला. "दोन वर्षं झाली, तू माझ्याशी चिखलाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस."